द्रायूवाले भावोजी

पाण्यावर एवढा जीव असलेला आणि पाण्यापासून एवढा कोरडा राहिलेला माणूस ठाण्यापासून कुर्ल्यापर्यंत माझ्या बहिणीच्या यजमानांखेरीज दुसरा नसेल. वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढल्यावर 'एकमेव', 'पहिलाच', 'सर्वांत मोठा' असे शब्द दिसले की खोडायची सवय लागते. हे वाक्य मी दोनदा वाचलं आणि तसंच ठेवलं. भावोजी उपनगरातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पाणी, तेल, हवा, धूर, म्हणजे जे जे वाहतं ते कसं वाहतं, हे शिकवतात. त्यांना पोहता येत नाही. पावसाळ्यात ते रेनकोट घालून वर छत्री उघडतात. समुद्रावर गेले तर बूट काढत नाहीत, आणि लाट पायाशी येण्याआधी ती कुठे फुटणार हे सांगून चार पावलं मागे सरतात. त्यांच्या स्वयंपाकघरातली मोरी महिन्यातून एकदा तुंबते. त्या वेळी ते जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन ती का तुंबली असावी याची आकृती काढतात. माझी ताई मग खालच्या हार्डवेअरच्या दुकानातून नळवाल्याला बोलावते. नळवाला येतो, तार घालतो आणि आकृतीकडे बघत चहा पितो.

चहाचंही तसंच आहे. भावोजींना चहा दिला की ते आधी चमचा फिरवतात, मग थांबतात आणि कपाच्या तळाशी राहिलेली चहापूड कडेला न जाता मधोमध कशी गोळा होते ते दाखवतात. "बघा, बाहेर फेकली जायला हवी ना? मग आत का आली?" असं ते विचारतात. उत्तर ऐकेपर्यंत सगळ्यांचे चहा थंड होतात. माझ्या चुलतबहिणीला बघायला आलेल्या घाटकोपरच्या मंडळींना त्यांनी हे दाखवलं होतं. स्थळ मोडलं त्याला कारण वेगळं होतं, पण मुलाच्या आईने निघताना ताईला बाजूला घेऊन विचारलं, "ते नेहमी येतात का तुमच्याकडे?" ताई म्हणाली, "माझेच आहेत."

याहून मोठा प्रसंग शेजारच्या इमारतीतला. तिथले एक वयस्क गृहस्थ वारले, आणि आम्ही भेटायला गेलो. फोटोसमोर उदबत्ती लावली होती. तिचा धूर काही उंचीपर्यंत दोऱ्यासारखा सरळ जातो आणि मग एकदम विस्कटतो, हे सर्वांनी पाहिलेलं असतं. भावोजी त्यासाठीच खिशात स्टीलची छोटी गुंडाळती पट्टी बाळगतात. ते उठून फोटोपाशी गेले आणि मृताच्या मुलाला हलक्या आवाजात म्हणाले, "दोन मिनिटं पंखा बंद करता का?" पंखा बंद झाला. खोलीतल्या लोकांना वाटलं, श्रद्धांजली आहे. सगळे उभे राहिले, हात जोडले, माना खाली घातल्या. पूर्ण दोन मिनिटं कुणी हाललं नाही. त्या शांततेत भावोजींचा आवाज आला, "सव्वीस सेंटिमीटर." मुलगा म्हणाला, "धन्यवाद काका."

पण या सगळ्या सवयी एका शब्दापुढे फिक्या आहेत. द्रव आणि वायू या दोघांना मिळून इंग्रजीत 'फ्लुइड' हा एकच शब्द आहे. मराठीत तसा शब्द कुणा परिभाषाकारांनी फार पूर्वी घडवून ठेवला: द्रायू. द्रवातला 'द्र' आणि वायूतला 'आयू'. कोशात तो निवांत पडून होता. भावोजींनी तो उचलला आणि तेव्हापासून खाली ठेवलेला नाही. त्यांचे विद्यार्थी परीक्षा इंग्रजीत लिहितात आणि आपसात त्यांना 'ड्राय सर' म्हणतात. भावोजींना हे माहीत आहे. त्यांच्या मते तो शब्द रुळत असल्याचा पुरावा आहे.

महाविद्यालयाला एक विस्तार विभाग आहे. आसपासच्या शाळांत जाऊन मुलांना विज्ञानाची गोडी लावणं आणि त्यातल्या हुशार मुलांना पुढे मार्गदर्शन करणं, हे त्याचं काम. इतर प्राध्यापक ते वर्षातून एकदा, फोटोपुरतं करतात. भावोजी दर शनिवारी करतात. त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर एक काचेची टाकी असते आणि तिला पट्टा बांधलेला असतो. ताई बरोबर असली तर ती टाकीच्या कडेला तिरकी बसते. तिच्या वाट्याला पट्टा येत नाही. मुलुंड, भांडुप, विक्रोळी, घाटकोपर इथल्या किती शाळांनी ती टाकी पाहिली याची नोंद विभागाकडे आहे. किती मुलांना काय समजलं याची नाही.

विक्रोळीच्या एका शाळेत जे घडलं त्याला मी साक्षी आहे. भावोजींनी मुख्याध्यापिकांना फोन केला होता, "द्रायूविषयी मुलांना मार्गदर्शन करायचंय. पालक आले तर उत्तमच." बाई हायवेच्या कडेला रिक्षात होत्या. त्यांना 'दारूविषयी' ऐकू आलं. चांगला विषय, म्हणून त्यांनी मनापासून तयारी केली. आम्ही पोचलो तेव्हा सभागृहात फलक होता, 'व्यसनमुक्ती मार्गदर्शन'. पुढच्या रांगांत मुलं होती, मधल्या रांगांत आया, आणि मागे दहाबारा पुरुष, ज्यांना आणून बसवलेलं होतं हे त्यांच्या बसण्यावरून कळत होतं. फलक भावोजींच्या पाठीमागे होता. त्यांनी तो वाचला नाही. बोलायला उभे राहिले की ते काहीच वाचत नाहीत.

"द्रायू आपल्या प्रत्येकाच्या घरात आहे," त्यांनी सुरुवात केली. आयांनी माना डोलावल्या. "सकाळी डोळे उघडले की आपला पहिला संबंध येतो तो द्रायूशी." मागचा एक जण शेजाऱ्याला म्हणाला, "हा सगळी माहिती काढून आलाय." भावोजी रंगत गेले. "द्रायूवाचून माणूस पाच मिनिटंसुद्धा जगू शकत नाही!" इथे मागच्या रांगेतून एक टाळी पडली. मधल्या रांगेतून एक बाई उठली आणि म्हणाली, "ओ सर, असं नका सांगू यांना. यांना कारणच पाहिजे असतं." भावोजींना वाटलं, शंका आहे. ते म्हणाले, "ताई, मी स्वतः चोवीस तास द्रायूतच असतो." मुख्याध्यापिकांनी पदर तोंडाला लावला. मग टाकी पुढे आली. तिच्यातल्या पाण्यात भावोजींनी लाल शाईचं पाणी सोडलं. ते तळाशी जाऊन गालिच्यासारखं पसरलं, आणि सभागृहात एकदम शांतता झाली. दारू पोटात गेली की काय होतं ते प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलं होतं.

कार्यक्रम संपल्यावर ती मघाची बाई टाकीपाशी आली. ती खाडीकडच्या कोळीवाड्यातली, स्टेशनबाहेर मासे विकणारी. "सर, तुमचं मना काय बी समजलं नाय," ती म्हणाली, "पन आमचा मानूस दोन तास गप बसला. तेवराच." तिच्याबरोबर तिची मुलगी होती, हर्षला. याच शाळेतून दहावी होऊन अकरावी सायन्सला गेलेली. ती टाकीत बोट बुडवून ते चाखत होती.

"सर, लाल पाणी खारट केलंय ना तुम्ही? म्हणून खाली गेलं."

भावोजींनी हातातलं झाकण खाली ठेवलं. शाईत मीठ घातलेलं असतं हे ते कधीच सांगत नसत. कुणीतरी विचारेल म्हणून थांबत. इतक्या शनिवारांत कुणी विचारलं नव्हतं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय रे पत्रकार, लिहून घे हे." मी लिहून घेतलं नाही. हर्षलाने मात्र पिशवीतून वही काढली होती.

त्यानंतर ती दर शनिवारी मुलुंडला भावोजींच्या घरी येऊ लागली. भावोजींची मार्गदर्शनाची पद्धत अशी की विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न ते पूर्ण ऐकतात आणि मग त्याने विचारायला हवा होता अशा प्रश्नाचं उत्तर देतात. हर्षला सगळं उतरवून घ्यायची. भावोजींना त्यात भक्ती दिसे. ताईने एकदा मला ती वही दाखवली. प्रत्येक पानावर मधोमध रेघ होती. डावीकडे लिहिलं होतं 'सर म्हणाले', उजवीकडे 'बघायचं आहे'. उजवी बाजू जास्त भरलेली होती.

वर्षाअखेरीस विद्यापीठाच्या योजनेत विस्तार विभागातून एका विद्यार्थ्याची निवड होणार होती. एकाचीच. निवड झालेल्याला सुट्टीत विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम आणि पुढे अभियांत्रिकीच्या पदवीपर्यंत सगळी जबाबदारी विद्यापीठाची. हर्षलाच्या घरी चर्चा झाली होती आणि निर्णय स्वच्छ होता: जागा मिळाली तर इंजिनिअरिंग, नाही तर बारावीनंतर घणसोलीच्या आत्याकडे ब्यूटी पार्लरमध्ये. "आत्या चांगली आहे," हर्षला ताईला म्हणाली होती, "पण मला भुवया नाही करायच्या."

निवडीसाठी एक प्रकल्प करून तज्ज्ञांच्या समितीसमोर मांडायचा होता. विषय भावोजींनी दिला. त्यांनी शाळांसाठी एक पुस्तिका लिहिली आहे, 'मुलांसाठी सोपं करून'. या तीन शब्दांवर त्यांचा फार विश्वास. तिच्यात एक वाक्य ठळक टायपात आहे: ओहोटी संपून भरती सुरू होताना खाडीचं पाणी वरपासून तळापर्यंत क्षणभर पूर्ण थांबतं. "या वाक्यात काव्य आहे रे," असं त्यांनी मला निदान चार वेळा सांगितलं आहे. हर्षलाने मोजायचं होतं ते एवढंच, की पाणी किती वेळ थांबतं.

तिने वडिलांच्या होडीतून दोन बाटल्या सोडल्या. एक रिकामी, वर तरंगणारी. दुसरी वाळू भरलेली, तळाजवळ लोंबणारी. दोन्हींच्या दोऱ्या नांगरलेल्या होडीला बांधलेल्या. पाणी ज्या बाजूला ओढील त्या बाजूला दोरी तिरकी होणार. पुढच्या शनिवारी ती आली.

"थांबत नाही, सर."

"थांबतं. तू उशिरा पोचली असशील."

"अर्धा तास आधी गेले होते."

"मग लवकर निघाली असशील."

"वरचं पाणी अजून समुद्राकडे जात असतं ना, तेव्हा खालचं ठाण्याकडे फिरलेलं असतं. सगळं एकदम थांबतच नाही."

"दोऱ्या गुंतल्या तुझ्या," भावोजी म्हणाले.

ती तीन वेळा परत गेली आणि तीन वेळा तेच घेऊन आली. खारं पाणी जड असतं, ते तळातून आधी आत शिरतं, हे भावोजींना माहीत नव्हतं असं नाही. जगातल्या मोठमोठ्या नद्यांच्या मुखांबद्दल हे त्यांना तोंडपाठ होतं. वर्गात ते त्याची समीकरणं सोडवत. स्वतःच्या गच्चीवरून दिसणाऱ्या खाडीला ते लागू होतं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटी ते म्हणाले, "मी स्वतः येतो. आणि पत्रकार, तूही ये. तुझ्यासमोर सिद्ध करतो."

ठरलेल्या सकाळी ते महाविद्यालयाचं लाइफ जॅकेट घालून खाडीवर आले. त्यावर 'वापरानंतर परत करणे' अशी चिठ्ठी होती. हर्षलाचे वडील होडीत बसले होते. त्यांनी पाहुण्याकडे खालून वर पाहिलं. "सायेब, बसून र्‍हावा," ते म्हणाले. "उबं र्‍हायलाव तर आपन समदीच पान्यान." भावोजी बसले आणि दोन्ही हातांनी कड धरली. तिवरांच्या पुढे, मोकळ्या पाण्यात होडी उभी केली. आम्ही वाट बघत राहिलो. हळूहळू वरचा फेस मंदावला.

"बघा!" भावोजी म्हणाले. "थांबलं."

हर्षलाने खालच्या बाटलीची दोरी सोडवून त्यांच्या हातात दिली. दोरी ठाण्याच्या दिशेने ओढ घेत होती. भावोजींनी ती डाव्या हातात घेतली. मग उजव्या हातात. मग होडीत अंग वळवून दुसऱ्या बाजूला तोंड करून बसले. दिशा बदलली नाही.

"पानी कवा थांबतं, सायेब?" हर्षलाचे वडील म्हणाले. "वरशी झोपलेला दिसतं, खाली कवाच फिरलेला असतं. आमचं जालं त्याच्यावरच चालतं."

परतताना भावोजींचा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला, आणि एक बूट खाडीने ठेवून घेतला. त्यांनी तक्रार केली नाही. दुपारी ताईचा फोन आला. "काय केलंत रे त्यांना? आल्यापासून एक शब्द नाही. बरं वाटतंय, पण भीती पण वाटतेय."

इथे त्यांनी चूक कबूल केली असं लिहिता आलं असतं तर मला आवडलं असतं. त्यांनी केली नाही. ताईच्या म्हणण्यानुसार लग्नापासून आजवर 'चुकलं' हे क्रियापद त्यांच्या तोंडून स्वतःबद्दल आलेलं नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी हर्षलाला वेगळंच सुचवलं.

"सादरीकरणात वरच्या बाटलीबद्दल बोल. ती थांबते. खालची सोड. समितीला गोंधळायला होईल."

"मग तळाचं कोण सांगणार, सर?"

"ते पुढे एम.टेक.ला कर."

"पण मला आत्ता दिसलंय ना."

भावोजींनी चहाचा कप पुढे ओढला. या वेळी चमचा फिरवला नाही. "बोल मग," ते म्हणाले. "पण पुस्तिकेवर प्रश्न आला तर मी काही बोलणार नाही."

सादरीकरण महाविद्यालयाच्या सभागृहात होतं, कुणालाही बसता येणारं. मी मागे बसलो. समितीत तिघं होते. मार्गदर्शकांनी भिंतीशी बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, असा नियम. हर्षलाने दोन बाटल्या, दोऱ्या, भरती-ओहोटीच्या वेळा, सगळं नीट मांडलं. आवाज सुरुवातीला बारीक होता, खाडीवर पोचल्यावर मोठा झाला. ती थांबल्यावर अध्यक्षांनी समोरची पुस्तिका उचलली.

"तुझ्याच सरांनी लिहिलंय, पाणी वरपासून तळापर्यंत थांबतं. तू म्हणतेस, नाही. मग चूक कोण?"

हर्षलाने मागे पाहिलं नाही. वर्षभर ज्यांच्या घरी चहा प्यायला त्यांना भर सभेत चूक म्हणायचं तिला जमेना, आणि आपली मोजणी चूक म्हणायचंही जमेना. ती म्हणाली, "सरांनी... मुलांसाठी सोपं करून लिहिलंय."

"म्हणजे ते बरोबर आहे?"

हर्षलाने वाळूची बाटली टेबलावर सरळ केली. समितीतल्या दुसऱ्या सदस्याने कागदावर काहीतरी लिहिलं. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "ठीक आहे. पुढचा विद्यार्थी."

भिंतीशी खुर्ची पडल्याचा आवाज झाला. भावोजी उभे होते.

"चूक आहे," ते म्हणाले.

"सर, मार्गदर्शकांनी..."

"पुस्तिका चूक आहे. ती सोपी नाहीये, चूक आहे. लिहिणारा कधी खाडीवर गेला नव्हता. ही गेली."

अध्यक्षांनी पुस्तिकेचं मुखपृष्ठ वाचलं. "लिहिणारे तुम्हीच ना?"

"हो. तोच तो," भावोजी म्हणाले. ते खाली बसायला गेले आणि खुर्ची पडली आहे हे विसरले.

हर्षलाची निवड झाली. निकाल सांगताना अध्यक्ष मार्गदर्शकाच्या प्रामाणिकपणाबद्दल दहा मिनिटं बोलले आणि हर्षलाच्या कामाबद्दल एक. मार्गदर्शकाने खाडीत दोरी कुठल्या हातात धरली होती, याचा उल्लेख आला नाही. बारावी होऊन हर्षला आता विद्यापीठाच्या वसतिगृहात आहे. पहिले काही महिने शनिवारी फोन यायचा. आता परीक्षा असल्या की येत नाही, आणि परीक्षा बऱ्याच असतात.

मध्यंतरी मला भावोजी घाटकोपरच्या एका शाळेत भेटले. मी दुसऱ्याच कामाला गेलो होतो. शाळेच्या ग्रंथालयात, मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे वर करून ते बसले होते. समोर पुस्तिकांचा ढीग आणि खळीची बाटली. ते प्रत्येक पुस्तिका उघडत होते, त्या ठळक ओळीवर छापील चिठ्ठी चिकटवत होते आणि तळव्याने दाबत होते. चिठ्ठीवर होतं, 'पाणी थांबत नाही', आणि खाली हर्षलाचं पूर्ण नाव. अक्षर मूळच्या ओळीहून मोठं होतं. नवी आवृत्ती काढता आली असती. पण जुन्या प्रती कपाटात तशाच राहतात, असं ते म्हणाले. ते एकेक शाळा घेत होते.

"काय रे," त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे चूक झाली तर दुरुस्ती कुठे छापतात?"

"आतल्या पानावर. खाली, कोपऱ्यात."

"हं," ते म्हणाले आणि पुढची पुस्तिका उघडली.

सहावीतली एक मुलगी मघापासून त्यांच्या शेजारी उभी राहून बघत होती. तिने एक चिठ्ठी वाचली, नखाने तिची कड उचकटून खालची ओळही वाचली आणि विचारलं, "सर, मग आधी ज्यांनी हे वाचलं त्यांचं काय?"

भावोजींचा हात पुस्तिकेवर तसाच राहिला. तिने विचारायला हवा होता असा दुसरा कुठला प्रश्न त्यांना सुचला नसावा. ते बाकावरून कसेबसे उठले आणि ग्रंथपाल बाईंच्या टेबलाशी गेले.

"बाई," ते म्हणाले, "ही पुस्तिका आल्यापासूनचे हजेरीपट असतील ना शाळेकडे?"